अब्बांच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा: हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. तुमचे अब्बा दीड वर्षापूर्वी वारले. मागे अम्मी, दोन भाऊ, तुम्ही आणि धाकटी बहीण. मोमीनपुऱ्यात दुमजली घर आहे, खालची दोन दुकानं भाड्यानं दिलेली. मानकापूरकडे एक प्लॉट, काटोल तालुक्यात चार एकर संत्र्याची बाग, आणि बँकेत ठेव, जिच्यावर मोठा भाऊ नॉमिनी आहे. भाऊ म्हणतात, घर अब्बांनी आम्हाला तोंडी हिबा (बक्षीस) करून दिलं होतं. शेतीला शरियत लागतच नाही. आणि तुमच्या लग्नात जो खर्च झाला तोच तुमचा हिस्सा. शिवाय निकाहाच्या वेळी ‘मला पुढे काही नको’ असं तुमच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेलं आहे. आता बाग विकायची आहे, म्हणून तुम्हा दोघी बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या हव्या आहेत. चाचा मध्यस्थी करत आहेत. तुम्ही विचारलंत, हिस्सा किती, आणि तो मागितला तर मी चुकतेय का. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, ‘दादीही अब्बांच्या मागोमाग चार महिन्यांत गेल्या.’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी नागपूरला बावीस वर्षं दिवाणी वकिली करते आणि माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक बायकांच्या मनात तोच प्रश्न पहिला असतो, विचारतात मात्र शेवटी. नाही, तुम्ही चुकत नाही. सूरह निसाची सातवी आयत पुरुषांचा हिस्सा आणि स्त्रियांचा हिस्सा असे दोन्ही वेगवेगळे उच्चारून सांगते, माल थोडा असो की जास्त, आणि त्याला ठरवून दिलेला हिस्सा म्हणते. अकराव्या आणि बाराव्या आयतीत तर अपूर्णांकांसकट वाटणी आहे. कुठल्या नमाजेत किती रकात, एवढा तपशील कुराणात नाही, पण मुलीला, बायकोला, आईला किती द्यायचं याचा आहे. हिस्सा मागणारी बहीण माहेर तोडते हे आपल्याकडे बोललं जातं ते रिवाजातून आलेलं आहे, दीनमधून नाही.

हा रिवाज जुना आहे. १८४७ साली मुंबईच्या त्यावेळच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला होता. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी समाजाचा रिवाज मुलींना वारसा न देण्याचा आहे असं धरून त्यांना नकार दिला. म्हणजे मुली कुराण घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्याविरुद्ध रिवाज जिंकला. पुढे नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, शरियत कायदा झाला तो असे रिवाज बाजूला सारण्यासाठी. ‘आपल्या बिरादरीत मुली घेत नाहीत’ हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर हा इतिहास लक्षात ठेवा.

आता खरी अडचण कुठे आहे ते सांगते. तुम्ही ‘किती’ विचारलंत, पण तो हिशेब दहा मिनिटांचा आहे. अवघड गोष्टी दोनच: अब्बांचा मतरुका, म्हणजे त्यांनी मागे ठेवलेली मालमत्ता, त्यात नेमकं काय काय येतं, आणि तुमच्या सहीनं आधी काय झालं आहे किंवा पुढे काय होणार आहे.

पायाची गोष्ट अशी, की मुस्लीम कायद्यात जन्मानं हक्क मिळत नाही. शेजारच्या हिंदू घरात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मापासून वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार असते, ते आपल्याला लागू नाही. अब्बा हयात असताना तुमचा हक्क शून्य होता, आणि भावांचाही शून्यच होता. अब्बा गेले त्या क्षणी मात्र प्रत्येक वारस आपापल्या ठरलेल्या अंशाचा मालक झाला. कुठल्या कागदाची, कुणाच्या परवानगीची त्याला गरज लागली नाही. म्हणून ‘भाऊ हिस्सा देत नाहीत’ ही भाषा मी अशिलांना बदलायला लावते. हिस्सा तुमचाच आहे, फक्त तो आज त्यांच्या ताब्यात आहे. बोलण्यात एवढा फरक पडला की समोरच्याचा सूरही बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वाटणीआधी मतरुक्यातून कफन-दफनाचा खर्च, मग अब्बांची देणी, मग वसीयत (मृत्युपत्र) असेल तर ती एक तृतीयांशाच्या मर्यादेत, असा क्रम लागतो. वारसाच्याच नावे केलेली वसीयत इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय चालत नाही. उरलेलं ते वाटायचं. तुम्ही सुन्नी हनफी आहात असं धरून लिहिते. शिया किंवा बोहरी कुटुंब असेल तर नियम बरेच वेगळे आहेत, तसं असल्यास जरूर सांगा.

आता दादींकडे येते. तुमच्या भावांनी हिशेब असा केला असणार: अम्मींना एक अष्टमांश, उरलेल्यात भावाला दोन वाटे, बहिणीला एक. म्हणजे ४८ भाग केले तर अम्मी ६, प्रत्येक भाऊ १४, प्रत्येक बहीण ७. हा हिशेब चूक आहे, कारण अब्बा वारले तेव्हा त्यांची आई हयात होती. मुलंबाळं असलेल्या मुलाच्या मालमत्तेत आईला एक षष्ठांश मिळतो. दादी त्यानंतर चार महिनेच जगल्या म्हणून तो हिस्सा पुसला जात नाही. तो त्यांच्या नावे पडलेला आहे.

खरा हिशेब १४४ भागांचा आहे. अम्मी १८, दादी २४, उरले १०२. त्याचे सहा वाटे, वाटा १७ चा. प्रत्येक भाऊ ३४, तुम्ही १७, बहीण १७. बेरीज करून पाहा, बरोबर १४४ येते. दादींचे २४ भाग पुढे दादींच्या वारसांना जातात. ते वारस म्हणजे तुम्ही चौघं भावंडं नाही, कारण तुमचे अब्बा दादींच्या आधी गेले, आणि हयात मुलगा असताना आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना आपल्याकडच्या कायद्यात काही मिळत नाही. ते चाचांना आणि फुफींना जातात. तुम्ही एक चाचा आणि छिंदवाड्याच्या एक फुफी लिहिल्या आहेत. तेवढेच असतील तर चाचा १६, फुफी ८. दादींची आणखी मुलं हयात असतील तर हे आकडे बदलतील, तुमचे १७ बदलणार नाहीत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मध्यस्थी करणारे चाचा स्वतः या मालमत्तेत हिस्सेदार आहेत आणि बहुधा त्यांना ते ठाऊकही नाही. फुफींना तर कुणी विचारलेलंच नसणार. आणि तुम्ही दोघी बहिणींनी उद्या सह्या केल्या तरी बागेचा खरेदीदार निर्धास्त होत नाही, चाचा आणि फुफी यांच्या सह्यांशिवाय त्याच्या खरेदीत खोट राहते. भावांशी बोलताना हा मुद्दा मांडा. त्यांच्या फायद्याचाही तोच आहे.

चार एकरांत तुमचे १७ भाग म्हणजे साधारण १९ आर. एवढ्या लहान तुकड्याची वेगळी नोंद करताना तुकडेबंदी आड येऊ शकते. त्यामुळे बागेपुरतं पैशात घेणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं.

भावांच्या म्हणण्यातला सर्वांत गंभीर मुद्दा तोंडी हिब्याचा. तो हसून उडवू नका, कारण तोंडी हिबा खरोखर चालतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२९ व्या कलमानं मुस्लीम कायद्याप्रमाणे होणाऱ्या हिब्याला नोंदणीच्या सक्तीतून बाहेर ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये तर असंही स्पष्ट केलं की हिबा कागदावर उतरवला म्हणून नोंदणी लागेलच असं नाही. पण या सवलतीची किंमत आहे. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: देणाऱ्यानं ‘मी दिलं’ असं स्पष्ट जाहीर करणं, घेणाऱ्यानं स्वीकारणं, आणि ताबा देणं. खटले तिसऱ्या गोष्टीवर अडतात. बाप-लेक एकाच घरात राहत असतील तर बापानं घराबाहेर पडावं अशी अपेक्षा नसते, हे खरं. पण मालकी सोडली असं दिसणारी कृती हवी. म्हणून मी तुम्हाला विचारते: दुकानांचं भाडं शेवटपर्यंत कोण घेत होतं? पावत्यांवर सही कोणाची? महापालिकेची कराची पावती कोणाच्या नावे? आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या प्रॉपर्टी कार्डवर, आजही अब्बांचंच नाव आहे का? भाडं अब्बाच घेत असतील तर हिब्याची गोष्ट फार लंगडी पडते.

आणखी एक. हिबा कधी केला असं भाऊ सांगतात? शेवटच्या आजारपणात, मृत्यूची छाया पडलेली असताना केलेला हिबा मर्ज-उल-मौतचा मानला जातो आणि त्याला वसीयतीच्याच मर्यादा लागतात, म्हणजे वारसाला दिलेला असेल तर बाकीच्यांची संमती हवी. भाऊ हिबा न म्हणता ‘अब्बांनी हयातीतच वाटणी करून दिली’ म्हणत असतील तर तेही विचारून ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की मालक जिवंत असताना त्याच्या मालमत्तेची वारसांत वाटणी ही कल्पना मुस्लीम कायद्यात नाही. हिबा म्हणायचं असेल तर हिब्याच्या अटी सिद्ध करा.

निकाहाच्या वेळचा तो स्टॅम्पपेपर तुम्हाला सर्वांत जास्त छळतोय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. त्याबद्दल एकच सरळ उत्तर नाही, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. मूळ नियम तुमच्या बाजूचा. अब्बा हयात असताना तुमच्याकडे हक्कच नव्हता, मग नसलेला हक्क सोडणार कसा? नुसती पुढे वारस होण्याची आशा हस्तांतरित करता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या सहाव्या कलमातही आहे आणि मुस्लीम कायद्यातही. पण १९७३ च्या गुलाम अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एक दार उघडं ठेवलं, आणि २०११ मध्ये पुन्हा तेच म्हटलं: वारसानं बापाकडून मोबदला घेतला, त्याबदल्यात पुढे हक्क सांगणार नाही असं मान्य केलं, आणि त्यावर विसंबून बापानं आपली व्यवस्था लावली, तर त्या वारसाला नंतर शब्द फिरवता येत नाही.

म्हणून खरा प्रश्न हा: त्या कागदाच्या बदल्यात तुम्हाला काही मिळालं होतं का? एखादा प्लॉट, ठरावीक रक्कम, आणि कागदात त्याचा उल्लेख? लग्नाचा मांडव, जेवणं, जहेज यांना मी मोबदला मानत नाही आणि न्यायालयातही तसंच मांडेन. लग्न लावून देणं हे वडिलांनी आपखुशीनं केलेलं असतं, वारसा विकत घेण्यासाठी नव्हे. पण कागदात ‘रोख अमुक मिळाले म्हणून’ असं वाक्य असेल तर लढाई अवघड होते. तो कागद स्वतः वाचल्याशिवाय मी यापुढे काही बोलणार नाही, आणि दुसऱ्या कुणी न वाचता खात्री दिली तर तिच्यावर विसंबू नका. त्याची प्रत मिळवा.

‘लग्नात खर्च केला तो वजा करा’ याचं उत्तर यातच आलं. मुस्लीम कायद्यात हयातीत दिलेलं नंतरच्या हिश्श्यातून वळतं करण्याची पद्धत नाही. तसं असतं तर भावांची शिक्षणं, त्यांची लग्नं, धंद्याला दिलेलं भांडवल सगळंच मांडावं लागलं असतं.

शेतीला शरियत लागत नाही, हे भाऊ कुणा जाणत्या माणसाकडून ऐकून आले असणार, कारण त्यात अर्धं सत्य आहे. १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन कंसात खरोखरच वगळली आहे. पुढे मद्रासनं आणि केरळनं दुरुस्ती करून ती आत घेतली. आपल्याकडे तशी दुरुस्ती नाही. पण कंस वाचून निष्कर्ष काढायची घाई इथेच नडते. १९३७ पूर्वी नागपूर काही कायद्याविना नव्हतं. काटोलसह नागपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि १८७५ च्या मध्य प्रांत कायदा अधिनियमाचं पाचवं कलम सांगतं की वारशाच्या प्रश्नात पक्षकार मुसलमान असतील तर मुस्लीम कायदाच लागेल, त्याविरुद्ध रिवाज किंवा दुसरा कायदा असेल तेवढं सोडून. म्हणजे तुमच्या बागेलाही १७ भागांचाच हिशेब लागतो. फरक एवढाच की शेतीपुरता ‘आमच्यात मुलींना न देण्याचा रिवाज आहे’ असा बचाव भावांना घेता येतो. पण रिवाज सांगणाऱ्यानंच तो सिद्ध करायचा असतो, जुना, सलग, निश्चित, आणि नोंदींनिशी. चार साक्षीदारांनी ‘आमच्याकडे असंच चालतं’ म्हणणं पुरत नाही. सातबारावर जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की २ तेही पाहा. वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगीचा वेगळा प्रश्न येतो.

ठेवीचं सोपं आहे. नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसे कोणाच्या हाती द्यायचे तो माणूस, मालक नव्हे. भावानं रक्कम काढली असेल तर ती सगळ्या वारसांच्या वतीनं काढली. प्लॉटचं मात्र कागद पाहूनच सांगता येईल. मानकापूरकडचे बरेच प्लॉट मुळात अनधिकृत लेआउटमधले, नंतर गुंठेवारीत नियमित झालेले. विक्रीपत्र कोणाच्या नावे, डिमांड नोट कोणी भरली, एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं, पत्र कोणाच्या नावानं निघालं, या तीन गोष्टी बघा. विक्रीपत्रच मोठ्या भावाच्या नावे असेल तर ‘अब्बांच्या कमाईतून घेतला’ एवढ्यावर तो मतरुक्यात ओढणं जड जातं. एकत्र कुटुंबाच्या कमाईचं घेतलेलं सगळं सामाईक, हे गृहीतक मुसलमानांना लागू होत नाही. इथे तुमची बाजू कमकुवत असू शकते. ते आत्ताच मनात धरा, म्हणजे पुढे निराशा होणार नाही.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, कशावरही सही नाही. हक्कसोडपत्रावर नाही, आममुखत्यारपत्रावर नाही, ‘फक्त फेरफारासाठी संमती’ म्हणून आणलेल्या कागदावरही नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की ते फसवून घेतलं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं आणि तो दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. काही वर्षांपूर्वी उमरेडकडच्या दोघी बहिणी माझ्याकडे आल्या होत्या. ‘वारस नोंदीचे कागद आहेत’ म्हणून त्यांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं गेलं. दोघींनाही मराठी वाचता येत नव्हतं. घरी जाताना भावानं दोघींना साडी घेऊन दिली. ती साडी धाकटीनं अजून नेसलेली नाही, तिनं मला स्वतः सांगितलं. ते प्रकरण अजून चालू आहे.

सोडायचंच असेल तर सोडण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण मी ज्या ज्या मुफ्तींशी या विषयावर बोलले, त्यांचं म्हणणं एकच होतं: आधी हिस्सा हातात घ्या, मग द्यायचा तर आनंदानं द्या. लाजेनं, दबावानं तोंडातून निघालेलं ‘मला नको’ म्हणजे देणं नव्हे. कायद्याच्या दृष्टीनंही हाच मार्ग स्वच्छ. पैसे घेऊन सोडणार असाल तर रक्कम दस्तात लिहिलेली आणि बँकेतून आलेली असू द्या.

दुसरी गोष्ट, कागद गोळा करा. बागेचा सातबारा, आठ-अ, आणि अब्बांचं नाव लागल्यापासूनचे सगळे फेरफार. घराची आखीव पत्रिका. अब्बांचा आणि दादींचा, दोघांचाही मृत्यूचा दाखला. दादींचा कुणी मागणार नाही, पण तुमचं प्रकरण त्या दोन तारखांवर उभं आहे.

तिसरी, तलाठ्याकडे आजच लेखी अर्ज द्या की आम्ही वारस आहोत, आमच्या नावांशिवाय वारस फेरफार मंजूर करू नये, आणि पोच घ्या. हरकत आली की नोंद वादग्रस्त होते आणि सुनावणी लागते. फेरफार आधीच मंजूर झालेला असेल तर साठ दिवसांत अपील करायचं असतं. मुदत गेली असली तरी घाबरू नका, उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. आणि फेरफारानं मालकी ठरत नाही, महसुलाची नोंद तेवढी होते. बहिणींची नावं ‘इतर अधिकार’च्या रकान्यात टाकून मोकळं होण्याची सवय गावोगाव आहे. तुमची नावं कब्जेदार म्हणून लागली आहेत ना, ते डोळ्यांनी पाहा.

मग बोलणी. नोटीस पाठवण्याआधी एकदा सगळ्यांना एकत्र बसवा, फुफींनाही फोनवर घ्या. एखाद्या जाणत्या मुफ्तींकडून फराइजचा, म्हणजे वारसांच्या ठरलेल्या हिश्श्यांचा, हिशेब लेखी मागवा. फतवा न्यायालयावर किंवा कुणावरही बंधनकारक नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पण वकिलाच्या तोंडून न पटणारे १७ भाग मुफ्तींच्या सहीनं समोर आले की भावांना ते पचवायला सोपं जातं. माझ्याकडची कितीतरी प्रकरणं तिथेच मिटली आहेत, आणि मिटली तेव्हा मला दाव्याच्या निकालापेक्षा जास्त समाधान वाटलं.

नाहीच जमलं तर वाटणीचा आणि ताब्याचा दावा. सोबत विक्रीला मनाईचा अर्ज, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. भावानं तरीही विकलं तर खरेदीदाराला भावाचाच हिस्सा मिळतो, तुमचा नाही. दाव्यात आधी प्रत्येकाचा अंश ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग प्रत्यक्ष वाटणी, आणि सारा भरणाऱ्या शेतीची वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. वर्षं लागतात, ते लपवत नाही. पैशांची अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना न्यायालयीन शुल्कात सूट देणारी १९९४ ची राज्य शासनाची अधिसूचनाही आहे. ती तुमच्या दाव्याला लागते का, हे दावा लिहितानाच वकिलाला विचारा.

तुम्ही एक वाक्य कंसात लिहिलंय, ‘भावाला दुप्पट का, हे मात्र मला पटत नाही.’ ते टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. जुनी मांडणी अशी की बायकोमुलांचा, आईचा खर्च पुरुषावर, मेहर त्यानं द्यायचा, आणि बाईला मिळालेलं सगळं तिचं एकटीचं. ज्या घरात हे खरोखर पाळलं जातं तिथे त्या हिशेबाला अर्थ आहे. पण तुम्ही स्वतः शाळेत शिकवता, घराचा हप्ता भरता, आणि अब्बांच्या आजारपणात दोन वर्षं दवाखान्याच्या खेपा तुम्हीच घातल्या. तिथे तो अर्थ पातळ होतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मुलींना समान मिळावं असं वाटणाऱ्या बापाला आजच्या कायद्यातही वाट आहे: हयातीत हिबा, ताब्यासकट, कागदासकट. अब्बांच्या बाबतीत ती वेळ गेली. तुमच्या बहिणीच्या नवऱ्याची गेलेली नाही. त्यांना दोन मुलीच आहेत ना? उद्या काही झालं तर २४ भागांत बहिणीला ३, दोन्ही मुलींना मिळून १६, आणि उरलेले ५ त्यांच्या भावाला जातील. त्यांना हे नको असेल तर हिब्याचा विचार आत्ताच, तब्येत ठणठणीत असताना करावा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांना मात्र १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान.

माझ्या आईनं कामठीच्या घरातला हिस्सा सोडला होता. माहेर राहावं म्हणून. मामा होते तोवर ईदला बोलावणं यायचं, ते गेल्यावर तेही थांबलं. तिनं कधी तक्रार केली नाही, पण त्या रस्त्यानं जाताना ती खिडकीतून बाहेर बघायची नाही. तुमचे भाऊ तसे असतील असं मी म्हणत नाही. हिस्सा देऊनही आयुष्यभर बहिणीच्या दारात उभे राहिलेले भाऊ मी पाहिले आहेत.

आणि अम्मी. सगळ्या गडबडीत त्यांचा विषय कुणीच काढलेला नाही. त्यांचे १८ भाग आहेत, दुकानांच्या भाड्यातही आहेत, आणि ‘आता या वयात काय करायचंय’ म्हणून त्यांच्याकडूनही सही घेतली जाईल. त्यांचा निकाहनामा शोधा. मेहर किती ठरला होता, दिला गेला की बाकी आहे, ते बघा. बाकी असेल तर ते अब्बांचं कर्ज आहे आणि वाटणीच्या आधी फेडायचं आहे. रक्कम लहान असली तरी मागा. त्यासाठी पती वारल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यातली दीड गेली आहेत. निकाहनामा, तो स्टॅम्पपेपर आणि दोन्ही मृत्यूचे दाखले एवढं हाती आलं की पुन्हा लिहा, पुढचं मी कागद पाहून सांगेन.